९५ किलोच्या माणसाला ५० न्यूटनचं लाइफ जॅकेट पुरतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात चौघं. तुमचं वजन ९५ किलो आणि पोहता येत नाही. पत्नीला चांगलं पोहता येतं. मुलगा १३ वर्षांचा, जेमतेम पोहतो. मुलगी ७ वर्षांची, २२ किलोची. तलावात होडी आणि कयाक, अधूनमधून जेट स्की, पुढे समुद्रात बोटीने जायचा बेत. चौघांसाठी एकाच प्रकारची जॅकेटं घ्यायची आहेत. पण दाखवलेल्या जॅकेटवर ५० न्यूटन लिहिलंय, म्हणजे जेमतेम ५ किलोचा आधार. तो ९५ किलोला कसा पुरणार? शिवाय नातेवाइकांकडून एक जुनं जॅकेट मिळतंय, ते घ्यावं का?

शंका रास्त आहे, पण तुमची खरी अडचण वजनाची नाही. खरे प्रश्न दोन आहेत. पाण्यात पडल्यावर तुम्ही स्वतः काय करू शकाल? आणि तुम्हाला बाहेर काढायला कोण, किती वेळात पोहोचेल? या दोन्हींची उत्तरं चौघांसाठी सारखी नाहीत, म्हणून चार सारखी जॅकेटं हा बेत आधी सोडून द्या.

आधी वजनाचा हिशेब. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे ९५ पैकी बहुतेक भार पाणीच उचलतं. छातीत हवा भरलेली असताना बरीच माणसं टाळू पाण्याबाहेर राहील इतपत तरंगतात. अडचण एवढीच की नाक-तोंड मात्र पाण्याखाली असतं. ते वर ठेवायला बहुतेक प्रौढांना साधारण ३ ते ५ किलोचाच जादा आधार लागतो. १० न्यूटन म्हणजे ढोबळ १ किलोचा आधार. म्हणून ५० न्यूटनमध्ये ९५ किलोचा माणूसही तरंगतो. उलट चरबी तरंगते आणि स्नायू-हाडं बुडतात, त्यामुळे ६५ किलोच्या काटक माणसाला तुमच्यापेक्षा जास्त आधार लागू शकतो. ‘वजन जास्त तर फोम जास्त’ हा नियम म्हणून धरू नका.

मग ५० न्यूटन का नको? कारण तेवढ्या बळात तुम्ही तरंगाल, पण कोणत्या बाजूने, याची खात्री ते जॅकेट देत नाही. माणूस पालथा पडला, डोक्याला मार लागला, घाबरून हातपाय आखडले, तर ५० न्यूटनचं जॅकेट त्याला उताणं करेलच असं नाही. तोंड पाण्यात ठेवूनही तो तरंगत राहू शकतो. ही जॅकेटं पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या आणि मदत जवळ असलेल्या माणसासाठीच बनवलेली आहेत. आयएसओ १२४०२ या आंतरराष्ट्रीय मानकात त्यांना मुळात ‘लाइफ जॅकेट’ म्हणतच नाहीत, तरंगायला मदत करणारं साधन म्हणतात. त्या मानकात ५० च्या वर १००, १५० आणि २७५ अशा पायऱ्या आहेत. १०० न्यूटनची शांत, आडोशाच्या पाण्यासाठी. १५० ची किनाऱ्यापासून दूर आणि लाटांच्या पाण्यासाठी. २७५ ची खवळलेल्या समुद्रात, जाड कपडे किंवा अवजारं अंगावर असणाऱ्यांसाठी. अमेरिका आणि कॅनडाच्या लेबलांवर ७० ही पायरीही दिसते. तीही माणूस उताणा होईल याची हमी देत नाही.

उताणं करण्याचं काम निव्वळ आकड्याने होत नाही, फोम कुठे आहे त्यावर ते ठरतं. छातीवर जास्त, मानेमागे कॉलरमध्ये थोडा आणि पाठीवर कमी किंवा अजिबात नाही, अशी रचना असेल तर छाती वर येते आणि माणूस वळतो. पुढे-मागे सारखा फोम असलेलं जॅकेट कितीही जाड असलं तरी पालथ्या माणसाला तसंच ठेवू शकतं. त्यामुळे जॅकेट हातात घेतल्यावर मी आधी त्याची पाठ बघतो. आणखी एक: उताणं करण्याची चाचणी हलक्या कपड्यांत होते. पावसाळी कोट आणि पँटमध्ये हवा अडकली की ती पाठीकडूनही तरंगवते, मग १०० न्यूटनचं बळ कमी पडतं. जाड कपड्यांसाठी वरच्या पायऱ्या आहेत त्या याच कारणाने.

तुमच्यासाठी, म्हणजे पोहता न येणाऱ्यासाठी, माझं स्पष्ट मत: किमान १०० न्यूटन, कॉलर असलेलं आणि फोमचं. आपोआप फुगणारं नको, याची कारणं सविस्तर सांगतो, कारण फुगणारी जॅकेटं सुटसुटीत दिसतात आणि मोह होतो.

फुगणाऱ्या जॅकेटमध्ये फोम नसतो. आत दुमडलेली पिशवी आणि कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी असते. १५० न्यूटनच्या जॅकेटमध्ये साधारण ३३ ग्रॅम वायू, २७५ मध्ये ६० ग्रॅम. दोरी ओढली की सुई नळकांडीचं तोंड फोडते आणि पिशवी फुगते. आपोआप फुगणाऱ्यांत दोन पद्धती आहेत. एकीत पाण्यात विरघळणारी गोळी असते. ती विरघळली की स्प्रिंग सुटते. दुसरीत पाण्याच्या दाबावर उघडणारी झडप असते, ती जॅकेट पाण्याखाली गेल्यावरच चालते. गोळीवाली दमट जागी पडून राहिली तर कपाटातच फुगू शकते. दोन्ही पद्धतींत गोळी किंवा झडपेच्या भागावर मुदत छापलेली असते आणि ती उलटली की भाग बदलावाच लागतो. मला सर्वांत जास्त आढळणारा दोष मात्र याहून साधा आहे: नळकांडीचे आटे हलत्या बोटीत हळूहळू सैल होतात. सैल नळकांडीपर्यंत सुई पोहोचत नाही किंवा वायू बाजूने निसटतो. जॅकेट बाहेरून अगदी नवं दिसतं आणि पाण्यात फुगत नाही.

म्हणून फुगणारं जॅकेट घालणाऱ्याने दर वेळी नळकांडी हाताने घट्ट आवळायची आणि खूणचिठीचा (इंडिकेटरचा) रंग हिरवा आहे ना ते बघायचं. वर्षातून एकदा नळकांडी काढून वजन करायचं आणि तिच्यावर कोरलेल्या एकूण वजनाशी ताडून बघायचं. पिशवी तोंडाच्या नळीने फुगवून रात्रभर ठेवायची. सकाळी ती मऊ पडली असेल तर जॅकेट बाद. शिवाय ते नेहमी सगळ्या कपड्यांच्या वर घालायचं. आत घालून वरून कोट चढवला तर फुगताना ते छाती आवळतं. बंदिस्त केबिनमध्ये आपोआप फुगणारं घालून बसणंही धोक्याचं, कारण बोट उलटली तर फुगलेलं जॅकेट माणसाला छताला दाबून धरतं आणि त्याला बुडी मारून दारातून बाहेर पडता येत नाही. इतकी काळजी नियमित घेणाऱ्या, पोहता येणाऱ्या मोठ्या माणसासाठी ते उत्तम साधन आहे. पोहता न येणाऱ्याला, लहान मुलाला, जेट स्कीवर आणि खळाळत्या नदीत ते नको. फोम बिघडायला वर्षं लागतात आणि तो बिघडतोय हे हाताला कळतं.

आता तुमच्या एकेका ठिकाणाबद्दल.

कयाकमध्ये दोन्ही हात सतत फिरतात. जॅकेटच्या बाह्यांची भोकं लहान असली की काख सोलवटते आणि मग माणूस पट्टे सैल करतो. तिथून पुढे ते जॅकेट निकामी. कयाकचं जॅकेट आखूड असतं, भोकं मोठी, आणि पाठीचा फोम वरच्या भागात, म्हणजे खुर्चीच्या पाठीला खालून तो अडत नाही. दुकानात उभ्याने घालून बघितलेलं जॅकेट कयाकमध्ये बसल्यावर हनुवटीला लागतं, ही नेहमीची चूक. जमिनीवर पाय पसरून बसून, वल्हं मारल्यासारखे हात फिरवून बघा. पत्नीसाठी ५० न्यूटनचं असं जॅकेट योग्य ठरेल. छातीवर फार जाड फोम असला की उलटलेल्या कयाकवर परत चढताना तो मध्ये येतो, हेही पोहणाऱ्यांनी पातळ जॅकेट निवडण्याचं एक कारण. तुम्ही मात्र कॉलरवालंच घाला, वल्हं मारताना ते थोडं अडलं तरी. शांत तलावात, दोघांच्या कयाकमध्ये तेवढी अडचण सोसता येते.

जेट स्कीचा प्रश्न तरंगण्यापुरता नाही. वेगात पडल्यावर पाणी जॅकेटच्या खालून घुसतं आणि ते वर ओढून काढायला बघतं. एक चेन आणि एक पट्टा एवढ्यावर हे भागत नाही. धडाभोवती रुंद तीन-चार पट्टे आणि मजबूत बकल हवेत. काही मार झेलणारी बंडी पाण्यावरच्या खेळांसाठी विकली जातात. ती आपटण्यापासून बरगड्या वाचवतात, पण त्यांतली बरीच तरंगवण्यासाठी प्रमाणित नसतात. जॅकेटच्या लेबलवर कोणत्या वापराला मनाई आहे त्याच्या खुणा असतात. तिथे वेगवान वाहनावर किंवा दोरीने ओढलं जाण्यावर काट आहे का ते बघा. पोहता येत नाही तोवर जेट स्की स्वतः चालवू नका, असं मी कोणालाही सांगतो. मागे बसायचं तर १०० न्यूटनचं, वेगवान वाहनाला मान्यता असलेलं आणि पूर्ण आवळलेलं.

नदीत उतरायचा विचार कधी झालाच, तर एवढं लक्षात ठेवा की फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते आणि असं पाणी कमी उचलतं. तलावात छान तरंगवणारं ५० न्यूटनचं जॅकेट धबधब्याच्या पायथ्याशी माणसाला खाली जाऊ देतं. म्हणून मोठ्या राफ्टिंगची जॅकेटं जाड असतात. बंधाऱ्याखाली पाणी गोल फिरून मागे ओढतं. तिथून सुटायला कोणतंही जॅकेट पुरेलच असं नाही, तिथे जायचंच नाही. लोंबते पट्टे पाण्यात अडकलेल्या फांद्यांत गुंततात, ते आवळून टोकं आत खोचून ठेवायची.

समुद्रात प्रवासी बोटीने, दिवसा, किनाऱ्याजवळ जाणार असाल तर तुमचं १०० न्यूटनचं चालेल. किनारा सोडून दूर, मदत यायला तास लागेल अशा ठिकाणी, १५० न्यूटन. तिथे मांड्यांमधून जाणारा पट्टा, दिवा आणि शक्यतो तोंडावर ओढायचं पारदर्शक टोपडं हवं. तरंगणारं शरीर लाटांकडे तोंड करून वळतं आणि शुद्धीवर असलेल्या माणसाच्याही नाकातोंडात तुषार जात राहतात. टोपडं ते अडवतं.

कोणतं न्यूटन हे ठरलं की लोक निवड संपली असं धरतात. माझ्या मते निम्मं काम इथून पुढे आहे, ते म्हणजे मापाचं. पाण्यात फोम वर जायला बघतो आणि शरीर खाली. दोघांना बांधून ठेवतात ते फक्त पट्टे. ते सैल असतील तर जॅकेट तरंगतं आणि माणूस त्यातून खाली घसरतो. जॅकेटच्या कडा कानांपर्यंत येतात, हात वर ढकलले जातात आणि तोंड जॅकेटच्या आत, पाण्याच्या पातळीवर. बाहेरून बघणाऱ्याला जॅकेट घातलेला माणूस दिसतो आणि तो सुरक्षित वाटतो.

मोठ्यांनी छातीचा घेर मोजून माप घ्यावं, आणि वजन आणि घेर लेबलवरच्या मर्यादेत बसतात का ते बघावं. घालताना सगळे पट्टे आधी सैल करा, चेन लावा, मग खालचा पट्टा आधी आवळा आणि वर वर या. बरगड्यांच्या खाली, कमरेवर बसणारा पट्टा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण वर सरकताना तोच बरगड्यांना अडतो. मग दोन्ही हात डोक्यावर करा आणि दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीवरून किंवा तोंडावर सरकलं तर माप मोठं आहे किंवा पट्टे सैल आहेत. खोल श्वास घेता येत नसेल तर माप लहान. पोट छातीपेक्षा पुढे असेल तर कमरेचा पट्टा पोटावरून सरकून वर येतो, कितीही आवळला तरी. अशा बांध्याला मांड्यांमधला पट्टा लागतोच. तुमचं वजन बघता ही चाचणी नीट करा.

शेवटी पाण्यात. छातीइतक्या शांत पाण्यात, शेजारी पोहणारा माणूस उभा ठेवून, पाय उचला आणि मान मागे टाकून सैल व्हा. हनुवटी पाण्याच्या वर राहिली आणि श्वास सहज चालला तर जॅकेट तुमचं. पोहता न येणाऱ्याला या चाचणीचा आणखी एक फायदा होतो. जॅकेट आपल्याला धरून ठेवतं हे एकदा अंगाला कळलं की खरोखर पडल्यावर तो हात हवेत उगारत नाही. हात जितके पाण्याबाहेर, तितकं डोकं खाली.

मुलीसाठी माप छातीवरून नाही, वजनावरून. २२ किलो म्हणजे २० ते ३० किलोच्या वजनगटाचं १०० न्यूटनचं जॅकेट. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठं माप घेऊ नका. कपड्यांना चालणारी ही काटकसर इथे जिवावर येते. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि कमर सरळ असते, त्यामुळे पालथं होण्याची आणि जॅकेटमधून निसटण्याची शक्यता मोठ्यांपेक्षा जास्त. म्हणून तीन गोष्टी हव्यातच: मोठी कॉलर, मांड्यांमधला पट्टा आणि मानेमागे धरून उचलायची कडी. जॅकेट घालून, पट्टे लावून तिला खांद्यांच्या पट्ट्यांनी किंचित उचलून बघा, कान आणि हनुवटी जॅकेटच्या आत जाता कामा नयेत. दंडात घालायच्या फुग्यांना किंवा कमरेच्या ट्यूबला जॅकेटची जागा देऊ नका. ते फुटतात, निसटतात, आणि ट्यूबमध्ये मूल उलटं झालं तर पाय वर आणि डोकं खाली अडकतं.

१३ वर्षांच्या मुलाचं वजन तुम्ही सांगितलेलं नाही. ४० किलोच्या आसपास असेल तर मुलांचं मोठं माप आणि मोठ्यांचं लहान माप दोन्ही घालून बघावं लागेल. खांदे उचलण्याच्या चाचणीत जे कमी हलतं ते घ्या. जेमतेम पोहणाऱ्याला मी न पोहणाऱ्यातच धरतो, म्हणून १०० न्यूटन. घाबरल्यावर आणि कपड्यांसकट पडल्यावर तलावातलं पोहणं निम्मंही उरत नाही.

म्हणजे आतापर्यंतचं असं: तुम्ही, मुलगा आणि मुलगी तिघांना १०० न्यूटनचं कॉलरवालं फोम जॅकेट, मुलीला मांड्यांमधल्या पट्ट्यासह. पत्नीला तलावापुरतं ५० न्यूटनचं कयाक जॅकेट, आणि जेट स्कीवर त्यासाठी मान्य असलेलं. दूरच्या समुद्राचं ठरलं की चौघांचा विचार नव्याने.

घेताना लेबल वाचा. मानकाचं नाव, न्यूटन, वजनाची मर्यादा, छातीचा घेर, उत्पादकाचं नाव आणि तपासणी संस्थेची खूण नसेल तर ते जॅकेट खाली ठेवा, कितीही जाड असो. रंग केशरी, पिवळा किंवा लाल. निळा, करडा आणि पांढरा पाण्यात हरवतो. खांद्यांवर परावर्तक पट्टी हवी, आणि शिट्टी दोरीने बांधलेली. आत गोळी नसलेली शिट्टी घ्या, ती ओली झाल्यावरही वाजते. खूप थंड पाण्यात पहिल्या मिनिटभरात श्वास अनावर होतो आणि साधारण दहा मिनिटांत बोटं काम करेनाशी होतात. तेव्हा जॅकेट घालता येईल हा भ्रम आहे. ते होडीत पाय ठेवण्याआधी अंगावर आणि आवळलेलं हवं, बाकाखाली नाही.

आता ते जुनं जॅकेट. आधी लेबल वाचता येतंय का ते बघा. पुसलं असेल तर तिथेच थांबा. केशरी रंग उडून फिकट गुलाबी झाला असेल तर उन्हाने कापडाचे धागे सडले आहेत असं समजा. शिवणीजवळ कापड दोन्ही हातांनी जोरात ताणा, फाटलं तर बाद. फोम चिमटीत दाबून सोडा. तो लगेच पूर्ववत व्हायला हवा. कडक, चुरा होणारा, किंवा दबलेलाच राहणारा फोम तरंगवण्याची ताकद गमावून बसलेला असतो. याला बहुतेक वेळा कारण एकच: लोक जॅकेटची उशी करतात, त्यावर बसतात. प्रत्येक बकल लावून झटका द्या आणि पट्टा बकलमधून घसरतो का ते बघा. मग जॅकेट बादलीभर पाण्यात दाबून थोडा वेळ ठेवा. बाहेर काढून पाणी निथळल्यावरही ते विचित्र जड लागत असेल तर फोमने पाणी प्यायलेलं आहे. आत कापसासारखा कापोक भरलेला असेल, तर त्याच्या आतल्या प्लास्टिक पिशव्या एकदा फुटल्या की तो भिजतो, असं जॅकेट घेऊच नका.

हे सगळं पार पडलं आणि माप बसलं तर वापरा. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत टांगून वाळवा. वॉशिंग मशीन, हीटर, गाडीची तापलेली डिकी टाळा. फाटलेला भाग घरी शिवू नका, शिवण फोमला भोकं पाडते आणि मूळ ताकद परत येत नाही. तपासणीत बाद झालं तर कचऱ्यात टाकण्याआधी पट्टे कापा आणि कापड उभं चिरून टाका, म्हणजे दुसरं कोणी ते उचलून घालणार नाही.